उजवा कौल आणि साडेपाच

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, देवापुढे नाही, आणि आमटीत मीठ जास्त पडलं तरी जिला फोन करून सांगते त्या माझ्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की ओळखता? रत्नागिरीतले असाल तर माझ्या हातचा एखादा भोपळा तुम्हीही कधी घरी नेला असेल.

मी इंग्रजीची शिक्षिका. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी बाजारात भाजी घेताना केस पिकलेला एखादा गृहस्थ पिशवी सावरत ‘गुड मॉर्निंग, बाई’ म्हणतो. त्याच्या डोळ्यांत अजून भीती असते. मला ती आवडते. खोटं कशाला बोलू?

मार्कांच्या बाबतीत मी कंजूष होते, पण अप्रामाणिक नव्हते. अमेय, माझा एकुलता एक मुलगा, माझ्याच वर्गात होता आणि सहामाहीत मी त्याला नापास केलं. गावभर झालं ते. ‘बाई पोटच्या पोरालासुद्धा सोडत नाहीत.’ या एका वाक्यावर मी आयुष्यभर मान ताठ ठेवून चालले. पुढे त्याच वाक्याच्या आड लपले.

थांबा, आधी मानसीबद्दल सांगते. मानसी माझी सून. देवरूखच्या आतल्या एका खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी, शिक्षण सगळं मराठीतून. नर्स झाली, इथल्या एका खासगी दवाखान्यात लागली, आणि तिथेच कुणाला तरी भेटायला गेलेल्या आमच्या चिरंजीवांना ती आवडली. माझी काही तक्रार नव्हती. पोरगी हसतमुख, कामाला वाघ. लग्नानंतर ओवी झाली. यजमान गेल्यापासून मुकं झालेलं घर पुन्हा बोलायला लागलं.

मग मानसीच्या मनात परदेशाचं आलं. तिच्या दवाखान्यातल्या मुली जात होत्या. नर्सला तिकडे मान आहे, पगार आहे, नवऱ्याला आणि मुलीला बरोबर नेता येतं. अट एकच — इंग्रजीची परीक्षा. ऐका, वाचा, लिहा, बोला. प्रत्येकात नवापैकी सात तरी हवेत.

घरात इंग्रजीची बाई असताना दुसरीकडे कशाला जायचं, असं अमेय म्हणाला. मीही हो म्हटलं. म्हटलं ना! उत्साहाने म्हटलं. ऐकणं-वाचणं ती संगणकावर सोडवायची, मार्क तिथेच कळायचे. लिहिलेलं ऑनलाइन क्लासवाले तपासून पाठवायचे. तिन्हीत तिची गाडी सातावर पोचली होती. बोलणं मात्र माणसानेच ऐकावं लागतं. ते माझ्याकडे होतं.

ती सकाळची ड्युटी करून यायची, जेवायची, आणि ओवी झोपली की आम्ही पडवीत बसायचो. मी खुर्चीवर, परीक्षक. ती समोर, हात मांडीवर घट्ट धरून. सुरुवातीला एकेका वाक्याला अडायची. मी चिडायचे, ती हसायची, पुन्हा सुरू करायची. हळूहळू जमायला लागलं. मराठीत ती जशी गप्पा मारते तशीच इंग्रजीत मारायला लागली — हातवारे करत, मध्येच स्वतःवर हसत. शिकवणारीला याहून जास्त काय हवं असतं?

आणि तेव्हाच मी पुढचा हिशेब मांडला.

ही पास झाली की जाणार. अमेय जाणार. ओवी जाणार, आणि दोन वर्षांनी आली की माझ्याशी ‘हाय ग्रँडमा’ करून बोलणार — मीच शिकवलेल्या भाषेत. मी इथे एकटी कुलपं लावत फिरणार. हे मी कुणाला बोलले नाही. बोलले असते तर? ‘मला भीती वाटते, जाऊ नका’ एवढंच म्हटलं असतं, तर कदाचित त्यांनी ऐकलंही असतं. पण तसं म्हणायला मान खाली घालावी लागते. ते मला कधी जमलं नाही.

परीक्षेची तारीख घ्यायची वेळ आली. अमेय म्हणाला, “आई म्हणेल तेव्हाच घेऊ. आई खोटे मार्क देत नाही.”

तिकडे मानसीच्या आईने गावच्या देवीला कौल लावला. ही आमच्याकडची जुनी रीत. गुरव पाषाणाला दोन्ही बाजूंना कळ्या चिकटवतो, देवीपुढे प्रश्न मांडतो. उजवीकडची कळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. माझा यावर विश्वास नाही. विहीणबाई मात्र खोबऱ्याचा प्रसाद घेऊन एसटीने थेट आमच्या दारात उतरल्या. दमल्या होत्या, पण चेहरा फुललेला.

“उजवा कौल दिलान हो देवीन! प्रश्न इचारायचा अवकाश, कळी पडली.”

मी हसून प्रसाद घेतला. परीक्षा देवी घेत नाही, असंही म्हटलं. त्या बिचाऱ्या ओशाळल्या. तेवढंही मी सोडलं नाही, बघा.

त्या दुपारी मानसी म्हणाली, “आई, आज शेवटचं घ्या. तुम्ही सांगाल ते.” विहीणबाई दाराशी बसल्या होत्या, मांडीवर ओवी. मी चिठ्ठी काढली. तुमच्यावर जिचा प्रभाव पडला अशा एका व्यक्तीबद्दल बोला.

ती माझ्याबद्दल बोलली.

मला वाटलं होतं, वडिलांबद्दल बोलेल. पण नाही. म्हणाली, मी लहान गावातून आले, इंग्रजी ऐकलं की मला घाम फुटायचा, आणि माझ्या सासूने रोज स्वतःची दुपारची झोप मोडून मला बोलायला बसवलं. म्हणाली, ती कडक आहे, पण तिचा शब्द खरा असतो. तिने मला कधी खोटं सांगितलं नाही, म्हणून तिने चांगलं म्हटलं की मी खरंच चांगली आहे असं मला वाटतं. कुठे अडखळली नाही. एके ठिकाणी तिने पाण्याचा घोट घेतला आणि बोलत राहिली. वेळ संपला तरी तिला थांबवायचं मला सुचलं नाही. दाराशी बसलेल्या तिच्या आईला एक अक्षर कळत नव्हतं, तरी त्या पदराने डोळे टिपत होत्या.

मग मानसीने विचारलं, “किती, आई?”

मी चष्मा काढला. पुसला. आणि म्हणाले, “साडेपाच. पाठ केल्यासारखं वाटतं. अजून कोवळं आहे.”

सांगितलं. हाच तो गुन्हा. एक आकडा, आणि त्यापुढे दोन वाक्यं.

ती रडली नाही. रडली असती तर मी कदाचित मागे फिरले असते — नाही, हेही सबब सांगणंच झालं. विहीणबाई चाचरत म्हणाल्या, “पण देवीन तर...” तर हीच हसून आईला म्हणाली, “देवीला कुठं इंग्रजी येतं, आये? आईंना येतं.”

त्यानंतर ती आणखी काही दिवस बसली, पण तिचा धीर सुटला होता. अडखळायला लागली. मग मी दिलेले मार्क खरेच ठरू लागले. मला त्यातही हायसं वाटलं, हे सांगायची लाज वाटते, पण वाटलं. तारीख घेतलीच नाही. परीक्षा राहिली ती राहिलीच. तिची मैत्रीण, जिचं बोलणं मानसीपेक्षा कितीतरी कच्चं होतं, ती पास होऊन गेली. ती व्हिडिओ कॉल करते तेव्हा मानसी तिचं घर कौतुकाने बघते आणि फोन ठेवून कुकर लावते.

मी तिला काय केलं ते तिला ठाऊक नाही. उलट ती चारचौघांत सांगते, “आमच्या आईंनी तोंडावर खरं सांगितलं म्हणून माझी फजिती वाचली.” मी ऐकून घेते. मागच्या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. नर्सच ती, तिने मला लहान मुलासारखं सांभाळलं. पट्टी बदलताना दुखतंय का विचारायची. मी नाही म्हणायचे.

परवा ओवीचं शाळेत इंग्रजी भाषण होतं. पडवीत त्याच खुर्चीवर मला बसवून तिने ते म्हणून दाखवलं आणि विचारलं, “आजी, आईला तू किती मार्क दिले होतेस?”

मी तोंड उघडायच्या आत मानसीने आतून, कणीक मळता मळता, हसत उत्तर दिलं, “साडेपाच! तुझी आजी कुणाला सोडत नाही हो.”

ओवी हसली. मीही हसले.

साडेसात होते. त्या दुपारी मानसीचं बोलणं संपायच्या आधीच मी मनात दिले होते.