पाचवं कलम

“हातोडा आपटायच्या आधी एक श्वास थांबत जा. मागच्या रांगेतल्या माणसाला हरकतीसाठी देशाची पाटी उभी करायला वेळ लागतो.”

ह्यांचा आवाज. दुभाषी म्हणून सव्वीस वर्षं काचेच्या खोलीत बसून त्यांनी असल्या आंतरराष्ट्रीय सभा वरून पाहिल्या. मी पहिल्यांदा एका लहानशा समितीची अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांनी हे सांगितलं होतं. त्यांना जाऊन चार वर्षं झाली.

दुपारचा दीड वाजलाय. जिनिव्हातल्या हॉटेलच्या खोलीत मी जप करत बसले आहे. तीन वाजता शेवटची सभा. समुद्री वादळाची सूचना सगळ्या देशांना एकाच वेळी मिळावी, एवढ्याच करारासाठी नऊ वर्षं गेलीत. माळ बोटांतून सरकतेय, मग नुसती बोटंच सरकतायत.

मी त्यांच्या काचेच्या खोलीत आहे. ते कानावरचं यंत्र काढून माझ्याकडे बघतात. स्वेटर तोच, कोपरावर मी रफू केलेला.

“या, अध्यक्षीणबाई. जेवलात का?”

“अहो, तुम्ही इथे कसे?”

“रजा संपली.”

खाली सभागृह दिसतंय. दोन मोठ्या देशांच्या खुर्च्या रिकाम्या, ते आधीच उठून गेलेत. शेवटच्या रांगेत एकच पाटी उभी आहे, सेराबाईंची. त्या ज्या बेटाच्या प्रतिनिधी आहेत, ते नकाशात शोधावं लागतं. काल पाचव्या कलमात उरलेल्या मोठ्या देशांनी ‘शक्य असेल तेव्हा’ एवढे शब्द घातले, आणि सूचना देणं कुणावर बंधनकारक उरलं नाही. सेराबाईंनी पाटी उभी केली. मी हातोडा आपटला. मंजूर.

“दिसली नव्हती का?” ते विचारतात.

“इतक्या लांबून कुठलं…”

“मृदुला.”

“दिसली होती.”

आता आम्ही आमच्या चिपळूणच्या घरी स्वयंपाकघरात उभे आहोत, पाणी घोट्याच्या वर आलंय. ते देव एकेक करून फडताळावर ठेवतायत, घरात पूर शिरला तेव्हा ठेवले होते तसेच. ओट्यापलीकडे सभागृहाच्या रांगा आहेत, पाण्यात.

“कलम पुन्हा उघडलं तर आणखी तिघं उठून जातील,” मी म्हणते. “नऊ वर्षं वाया.”

“जातील कदाचित.”

“आधीच कोण विश्वास ठेवतंय ह्या सभांवर? घरी भाचे हसतात. म्हणतात, मामी निघाली चहाबिस्किटाच्या परिषदेला.”

“बिस्किटं बरी असतात पण.” ते बाळकृष्ण सदऱ्याला पुसतात. “सेराबाई चार विमानं बदलून येतात. का? तर ह्या एका खोलीत त्यांची पाटी इतरांच्याच मापाची असते. ती उभी असताना तू हातोडा मारलास, तर पुढच्या वेळी त्या कशाला येतील? मग भाचे म्हणतात तेच खरं.”

ओलं बोट ते माझ्या ओठांना लावतात. “चव बघ.”

“खारट आहे. आपल्याकडे तर नदीचं यायचं.”

“हे त्यांच्याकडचं.”

मी त्यांचा हात धरून ठेवते. ऊबदार आहे. “उघडते,” मी म्हणते. “आजच. शब्द देते.”

“आणि चूक झाली असं म्हणायचं. वेळेअभावी वगैरे नाही.”

“तसं नाही म्हणणार. तुम्ही ऐकाल ना?”

“न ऐकून कसं चालेल? भाषांतर कोण करणार?”

जाग येते. माळ मांडीवर, खिडकीत कोरडं ऊन. आज माझा अळणी उपास, सकाळपासून वाटीभर दुधापलीकडे काही घेतलेलं नाही. ओठांवरून जीभ फिरवते. मीठ आहे. डोळ्यांना बोटं लावून पाहते, ते कोरडे आहेत.

सव्वादोन झालेत. सेराबाई ह्या वेळी खालच्या उपाहारगृहात एकट्याच बसतात, तीन दिवस बघतेय. सगळ्यांसमोर सांगायच्या आधी त्यांना सांगायला हवं. मी चपला घालते, दार हलकेच ओढून घेते आणि जिना उतरू लागते.