नानांच्या प्रार्थनेतला गुडघा

लसूण घालून कढवलेलं तेल आज गुडघ्याला चोळलं आणि त्या वासासरशी लढाईच्या दिवसांतलं देवपूरचं आमचं चर्च आठवलं. तिथल्या मंडळीचा कारभार बघणारे पंच नाना दर रविवारी प्रार्थनेत अख्खी गल्ली देवापुढे मांडायचे: कुणाचा ताप, कुणाचं भांडण, न मिळालेलं रॉकेल, तुंबलेली गटार. गटारीचं नाव निघालं की पुढच्या बाकावरचा म्युनिसिपालिटीचा मुकादम खाली बघायचा आणि सोमवारी गटार वाहायला लागायची. चर्चमध्ये न येणारे शेजारीही आपलं नाव आलं का, ते खिडकीशी उभे राहून ऐकायचे. शेजारच्या अक्का तर तेलाचा घमघमाट घेऊन बाहेरूनच ओरडायच्या, "नाना, मन्हा गुडघा राही गया ना!" मग नाना डोळे न उघडता गुडघाही प्रार्थनेला जोडायचे. नाना गेले त्या दिवशी पाद्रीसाहेबांनी सुरेख, पाठ केलेली प्रार्थना म्हटली. आमेन झालं, पण कुणी उठेना. आता आपलं गाऱ्हाणं कोण सांगणार, हे सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तेवढ्यात खिडकीतून अक्का म्हणाल्या, "आनि मन्हा गुडघा?" आधी नानांच्या बायकोलाच हसू फुटलं, मग सगळ्यांना. पाद्रीसाहेबांनी पुन्हा डोळे मिटले. "प्रभू, अक्कांचा गुडघा." मागून कुणीतरी म्हणालं, "गटार!" "आणि गटार," ते म्हणाले, आणि मुकादमानं मान खाली घातली. अक्कांचा गुडघा शेवटपर्यंत दुखलाच, पण सोमवारी गटार वाहिली. माझ्या गुडघ्याचं मी तेलावर भागवते. गल्लीतल्या कोरड्या नळाचं मात्र येत्या रविवारी प्रार्थनेत मोठ्यानं सांगणार आहे.