बारा वाजताचा हँडओव्हर

बाराला पाच मिनिटं कमी होती. मी काचेची स्लाईड खिडकीच्या उजेडात धरली आणि नको ते दिसलं. साखरेच्या मोठ्या, स्वच्छ दाण्यांच्या मधोमध पिठासारखी बारीक भुकटी.

शेजारी रामगोंडाआप्पा उभे होते. आमच्या शिफ्टचे पॅनमन, माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांनीही मान वाकवून स्लाईड बघितली. बोलले काहीच नाहीत.

लोखंडी जिन्यावर बूट वाजले. पुढच्या शिफ्टचा केमिस्ट परशराम वर आला. डोक्यावर हेल्मेट, हातात डबा, तोंडावर नेहमीचं हसू.

"काय आण्णा, पॅन कसा हाय?"

"झकास हाय," मी म्हणालो आणि स्लाईड पाण्याच्या बादलीत सोडली.

मी मगदूम, साखर कारखान्यात शिफ्ट केमिस्ट आहे. निपाणीच्या बाजूला कारखाना, बोरगावला घर. पॅन म्हणजे काय ते आधी सांगतो. उसाचा रस आटवून घट्ट सिरप करतात. ते सिरप एका मोठ्या बंद भांड्यात, आतली हवा ओढून घेऊन, कमी तापमानावर उकळतात. तोच पॅन. त्यात साखरेचं बारीक बी सोडायचं आणि प्रत्येक कण हळूहळू मोठा करायचा. घाई झाली, व्हॅक्यूम हलला, की जुने दाणे वाढायच्या ऐवजी नवेच बारीक दाणे पडतात. त्याला फॉल्स ग्रेन म्हणतात. उपाय सोपा आहे. पॅनला गरम पाणी द्यायचं, भुकटी विरघळवायची आणि थांबायचं. तास-दीड तास जातो, एवढंच. मात्र ते न करता पॅन खाली सोडला, तर खालच्या सेंट्रीफ्युगल मशीनच्या जाळ्या त्या भुकटीनं बुजतात. ही मशीन गरगर फिरून साखर आणि मळी वेगळी करते. जाळी बुजली की सगळंच अडलं.

हे मला ठाऊक होतं. परशरामला दोन शब्द सांगायला किती वेळ लागला असता?

ते का सांगितले नाहीत, त्यासाठी थोडं मागं जातो.

परशराम बेळगुंदीचा. शेतकरी घरातला, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. आला तेव्हा त्याला पॅनवर मीच उभं केलं. सुट्टीहून येताना तो पिशवीभर रताळी आणायचा. स्टीमच्या पाइपावर फडक्यात बांधून ती आम्ही शिजवायचो आणि शिफ्ट बदलताना सगळे मिळून खायचो. माझा पॅन रखडला तर तो अर्धा तास लवकर यायचा. त्याचा रखडला तर मी थांबायचो. पॅन कुणाचा, हा प्रश्नच नव्हता. पॅन कारखान्याचा होता.

मग एका सीझनला पॅन फ्लोअरवर पांढरा बोर्ड आला. आमचे चीफ केमिस्ट हिरेमठ साहेब. त्यांनी बोर्डावर तीन शिफ्ट केमिस्टची नावं लिहिली. ज्याच्या शिफ्टमध्ये पॅन खाली सुटेल, तो पॅन त्याच्या नावावर. रोज संध्याकाळी बोर्डाचा फोटो ग्रुपवर. शनिवारी पहिल्या नंबरला जनरल मॅनेजरच्या केबिनमध्ये चहा.

पहिल्या शनिवारी चहाला परशराम गेला. मी हसून पाठ थोपटली. दुसऱ्या शनिवारी पुन्हा तोच. तिसऱ्या शनिवारी मी पाठ थोपटली नाही.

मला काय काय बोचायला लागलं, ते आता सांगताना लाज वाटते. मी बीएस्सी, वर पुण्याचा कोर्स. तो डिप्लोमावाला. हिरेमठ साहेबांशी मी अस्खलित कन्नड बोलायचो, आमच्या घरात दोन्ही भाषा चालतात. परशरामचं कन्नड मोडकंतोडकं. तरी साहेब त्याच्याशी मोडक्या मराठीत बोलायचे आणि दोघं खो खो हसायचे. माझ्याशी बोलताना साहेब फक्त आकडे विचारायचे. त्याचं हेल्मेट नवीन दिसलं तरी मला वाटायचं, ह्यालाच बरं मिळालं. घरी बायको म्हणाली, "परशरामभावजी लई दिवस आले न्हाईत." मी म्हणालो, "मोठा मानूस झालाय तो."

बदल फक्त माझ्यात झाला होता असंही नाही. महिन्याभरात सगळा फ्लोअर तीन तुकड्यांत फुटला. एका शिफ्टचे हेल्पर दुसऱ्या शिफ्टचा व्हॉल्व्ह आवळेनात. वेळेआधी कुणी येईना. चांगल्या स्लाईड कपाटात कुलूप लावून ठेवायला लागले. रताळी आली तरी आपापल्या शिफ्टपुरतीच शिजायला लागली. माणसं तीच होती हो. एकानंही भांडण केलं नव्हतं. नुसता एक बोर्ड भिंतीला लागला होता.

तर त्या दिवशी मी "झकास हाय" म्हणालो. लॉगबुकात 'ओके' लिहून सही केली. परशरामनंही सही केली. खाली कॅन्टीनला येऊन चहा घेतला, पण घरी जायला पाय निघेना. बघायचं होतं मला. काय बघायचं होतं, ते त्या वेळी कबूल केलं नसतं.

परशरामनं स्वतः स्लाईड घेतली असती तर त्याला भुकटी दिसली असती. त्यानं घेतली नाही. पाऊण तासात पॅन खाली सोडला.

तीनच्या सुमाराला सेंट्रीफ्युगलचा आवाज बदलला. एक मशीन थांबली, मग दुसरी. जाळ्या बुजल्या होत्या. खालच्या टाक्या भरलेल्या, त्यामुळं वरचे पॅन सोडायला जागा नाही. पॅन अडकले म्हणून सिरप तुंबलं. सिरप तुंबलं म्हणून शेवटी मिल बंद करावी लागली. यार्डातले उसाचे ट्रॅक्टर हलेनात, आणि रांग गेटबाहेर रस्त्यापर्यंत गेली.

मी आत पळालो. सेंट्रीफ्युगलवर सिद्राम नावाचा ऑपरेटर गरम पाणी मारून जाळी मोकळी करत होता. घाईत पाइप सुटला आणि उकळतं पाणी त्याच्या हातावर आलं. कोपरापर्यंत कातडी लाल झाली. दोघांनी त्याला नळाखाली धरलं. तो ओरडत नव्हता, नुसता दात आवळून उभा होता. परशराम धावत खाली आला तसा सिद्राम म्हणाला, "काय पॅन सोडलासा ओ? नंबर पायजे तुमास्नी, आनि हात आमचा भाजतोय!"

परशरामची मान खाली.

मी चार पावलांवर उभा होतो. पुढं होऊन खरं सांगितलं नाही.

सिद्रामला गाडीनं निपाणीच्या दवाखान्यात नेलं. मिल सुरू व्हायला संध्याकाळ झाली. परशरामला मॅनेजरच्या केबिनमध्ये बोलावलं, आणि ते चहासाठी नव्हतं. सहा वाजता ग्रुपवर बोर्डाचा फोटो आला. त्याचे पुढचे पॅन अडकले होते, म्हणून माझं नाव सगळ्यात वर. कुणीतरी अंगठा टाकला.

इतके दिवस ज्याची वाट बघितली ते झालं होतं. मी फोन पालथा ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या शिफ्टला रामगोंडाआप्पा माझ्याआधी येऊन बसले होते. मी हेल्मेट घातलं, तर म्हणाले, "आण्णा, काल स्लाईड तुमी बघितलासा. मी बी बघितलो."

"व्हय."

"तुमी बोलला न्हाय. मी कशाला गप बसलो, ठावं हाय काय? परशरामचं माझं काय वाकडं न्हाय. त्याच्या भणीच्या लग्नात मी पंगतीला वाढलोय. खरं, आपल्या शिफ्टचं नाव वर यायला पायजे, एवढंच डोस्क्यात. तीस सीझन काढलो मी. असला खोटेपना केला नव्हतो."

ते माझ्यावर ओरडले असते तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. पण त्यांनी दोष स्वतःलाच दिला.

"सायबांकडं जाऊया," मी म्हणालो.

"मी येतो संगं."

हिरेमठ साहेब नऊला आले. मी आत जाऊन उभ्याउभ्याच सांगितलं. फॉल्स ग्रेन दिसला होता. सांगितला नाही. मुद्दाम.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मुद्दाम? निज हेळ्री मगदूम, खरं सांगा. विसरला असाल."

"विसरलो नाही साहेब."

साहेब रामगोंडाआप्पांकडं वळले, "आनि तुम्ही?"

"मी बी, साहेब."

"तुम्ही सुद्धा?" साहेब म्हणाले. माझ्याकडून त्यांना हे कदाचित पटलं असतं. आप्पांकडून पटत नव्हतं. त्यांनी शिपायाला सांगून परशरामला क्वार्टरवरून बोलावून घेतलं आणि म्हणाले, "त्याला तुमच्या तोंडानं सांगा."

परशराम आला. डोळे सुजलेले, झोप झाली नसावी. मी सांगितलं. त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"आण्णा, तुमाला ठावं होतं?"

"व्हय."

"मी जिना चढून आलो, इच्यारलो, तवा ठावं होतं?"

"व्हय."

"तू मला झकास हाय म्हनलास!" इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो मला 'तू' म्हणाला. "रातभर मी सोताला शिव्या देतोय. सिद्रामच्या घरात जाऊन त्याच्या आईच्या पाया पडून आलोय. आनि तू वरचा नंबर घेऊन गप घरात बसलास?"

मला वाटलं तो मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण तो खुर्चीत बसला आणि साहेबांकडं बघून म्हणाला, "साहेब, एक माझं बी ऱ्हायलंय. स्लाईड मी घेतलीच न्हाय. घेतली असती तर दिसलं असतं, मी काय आंधळा न्हाय. मला तेवढा पॅन घाईनं माझ्या नावावर सोडायचा होता."

साहेब म्हणाले, "बोर्ड मी लावला. शेजारच्या कारखान्यापेक्षा आपलं काम कमी दिसत होतं, म्हणून लावला. मला वाटलं, नाव लिहिलं की माणूस नीट काम करतो." पुढं ते कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटले, ते मलाही ऐकू आलं नाही.

मला मेमो मिळाला. मिळायलाच हवा होता. त्या दिवशीच मी सिद्रामच्या घरी गेलो. तो दारात बसला होता, हाताला पट्टी. मी सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी परशरामला शिव्या दिलो. आता त्याला काय सांगू मी?" आत या म्हणाला नाही. तीन आठवड्यांनी कामावर आला, तेव्हा माझ्या नमस्काराला त्यानं मान हलवली. तेवढंच.

साहेबांनी मॅनेजरांशी वाद घालून बोर्डावरची नावं पुसली. आता बोर्डावर फक्त पूर्ण दिवसाचा एकच आकडा. आणि नवा नियम आला: शिफ्ट बदलताना देणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं एकच स्लाईड एकत्र बघायची, जे दिसलं ते लिहायचं, खाली दोघांनी सही करायची.

पहिले काही दिवस परशराम आणि मी त्या स्लाईडवर डोकं वाकवायचो, पण एकमेकांकडं बघायचो नाही. "दाना सारका हाय." "हाय." सही. बस्स. मग एकदा माझ्या पॅनचा व्हॅक्यूम हलला आणि तो काही न बोलता व्हॉल्व्हपाशी जाऊन उभा राहिला. पुढच्या आठवड्यात कपाटांची कुलपं गेली. हेल्पर पुन्हा एकमेकांच्या हाकेला ओ द्यायला लागले. मला फार नवल वाटलं. कुणी भाषण दिलं नव्हतं, कुणाचं मन वळवलं नव्हतं. ज्या वेगानं आम्ही बिघडलो, जवळजवळ त्याच वेगानं सुधारलो.

एक मात्र स्पष्ट सांगतो. बोर्डावर सगळं ढकलून मी मोकळा होत नाही. तिसरा केमिस्टही त्याच बोर्डाखाली उभा होता, त्यानं असलं काही केलं नाही. जळफळाट माझाच होता. बोर्डानं त्याला फक्त कामाला लावलं.

परशराम दोन सीझननंतर डेप्युटी चीफ केमिस्ट झाला. ती जागा मलाही मिळू शकली असती, पण फाइलमध्ये मेमो होता. त्याच्या सत्काराला मी हार घातला आणि छातीत तीच जुनी कळ आली, अगदी ओळखीची. आता कामावर मी त्याला साहेब म्हणतो, तो मला आण्णाच म्हणतो. 'तू' पुन्हा कधी म्हणाला नाही. जळतं अजून, रोज थोडं. पण लॉगबुकावर दोन सह्या लागतात, त्यामुळं साखरेला त्याचा त्रास होत नाही.