राहिलेला अनुस्वार

नवा चष्मा माझ्या नाकावर बसवताना दुकानातल्या मुलीचं मनगट डोळ्यांसमोर आलं. त्यावर गोंदलं होतं, 'जगावसं वाटतं'. तीस वर्षं मराठी शिकवलेलं तोंड गप्प कसं बसणार?

"अगं, 'व'वर अनुस्वार राहिला की!"

ती हसली. "बाई, नववीत माझ्या वहीतही तुम्ही हेच लिहिलं होतंत. राहू दे आता, असंच आवडतं मला."

अक्षरांखालचे जुने वण मला तेव्हा दिसले. माझ्या नजरेला वळणच तसं, आधी चूक दिसते; माणूस दिसला तर दिसला. आणि तिचा निबंध आठवला. त्यात वाक्य होतं, 'मला जगावसं वाटत नाही'.

मी लाल शाईनं अनुस्वार दिला होता आणि पान उलटलं होतं.