बोटभर वर

आमच्या मरोदा वस्तीतल्या मैदानावर आम्ही दोघी मैत्रिणी उंच उडीचा सराव करायचो. एकीनं उडी मारायची, दुसरीनं तिच्यासाठी दांडी लावायची. माझी मैत्रीण ती सहज पार करायची आणि माझी दांडी रोज पडायची. म्हणून तिची पाळी आली की मी दांडी गुपचूप बोटभर वर लावायचे. एकदा तरी आपटू दे, एवढंच मनात असायचं. ती कधी आपटली नाही.

पुढे ती भारताकडून परदेशात खेळली, पदकं घेऊन आली. मी आयुष्यात एकदाच चांगली उंच उडी मारली, त्याच मैदानावर, तिच्यासोबत सराव करताना. ती उंची क्वार्टरच्या दारावर रेघ मारून मी लेकीला दाखवलीय.

परवा ती पावर हाउसच्या बाजारात भेटली. अजून तशीच सडपातळ. बघूनच माझा जळफळाट झाला.

"तू माझी दांडी वर लावत होती, मले माहीत होतं," ती हसून म्हणाली.

"मग बोलली कावून नाही?"

"मी तुझी बोटभर खाली लावत होती ना. नाहीतर तू मैदान सोडून गेली असती."

घरी येऊन दारावरची रेघ पाहिली. तेवढी एकच गोष्ट माझी होती. तीही तिनंच दिलेली निघाली.