सड्यापलीकडची बावीस घरं

१९५१ साल. मी सतरा वर्षांचा. मालवणहून बोटीने मुंबईला निघालो, तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, बंदरापर्यंत पोचवायला आले नाहीत. सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या पठारावर, दोन वाटा फुटतात. एक बंदराकडे उतरते, दुसरी पलीकडच्या वाडीत. तिथपर्यंत माझी ट्रंक त्यांच्या डोक्यावर होती आणि वस्तरा-कैचीची धोकटी काखेत. ट्रंक खाली ठेवून म्हणाले, "तुझी घरां मी सांभाळतंय. तू बेगीन ये." आणि चालू लागले. वाडीत माणसं दाढीसाठी खोळंबली होती.

ही घरं म्हणजे काय, ते माझ्या नातवंडांना सांगावं लागतं. आम्ही गावचे न्हावी. गावातली घरं भाऊबंदांत वाटलेली. आपल्या वाट्याच्या घरांचं वर्षभर सगळं करायचं. बाळाचं जावळ, लग्नातला नवरा, मयताच्या मुलाचं डोकं. कापणी झाली की ते भात देणार. मी सोळाचा झालो आणि सड्यापलीकडची बावीस घरं माझ्या नावावर आली. वर्षभर त्या घरांना वस्तरा लागला नाही तर ती भाऊबंदाकडे जातात, मग परत मागायची नाहीत. म्हणून मी गेल्यावर आबा आपल्या घरांबरोबर माझीही करू लागले.

माणूस कामाला वाघ होता. चार मुली आणि मी, सगळ्यांचं त्या धोकटीवर केलं. संध्याकाळी ते आले की आम्ही पाचही जणं विहिरीवर जाऊन बसायचो. आंघोळ झाल्याशिवाय ते कुणाला हात लावत नसत. आंघोळ झाली की ओल्या अंगानेच धाकटीला उचलत आणि बाकीचे त्यांच्या पंचाला लोंबकळत घरी यायचो. माझी मुलं अशी माझी वाट बघत कधी बसली नाहीत. मी दुकान बंद करून यायचो तोवर ती जेवून झोपलेली असायची.

घाटकोपरला स्टेशनाजवळ मामाचं सलून होतं. एक खुर्ची, दोन आरसे, एक बाकडं. चार वर्षांनी मामा गावी गेला आणि दुकान माझ्या हाती आलं. आबांना लिहिता येत नव्हतं. कुणाकडून तरी कार्ड लिहून घेत. शेवटची ओळ ठरलेली, "तुझी घरे चालू आहेत." मी उलट लिहायचो, सर्व खुशाल. त्या ओळीला उत्तर द्यायचो नाही.

खरं सांगतो, मला परत जायचंच नव्हतं. गावात आम्ही लोकांच्या अंगणात उकिडवे बसायचो. ओटीवर कुणी चढ म्हणत नसे. इथे गिऱ्हाईक माझ्या दारात येतं, बाकड्यावर बसून आपल्या नंबरची वाट बघतं. ऑफिसातला साहेब असला तरी. त्यात माझी चूक नव्हती, आजही मानत नाही. चूक ही, की ते मी आबांना सांगितलं नाही. ज्या कामावर त्यांनी आम्हांला वाढवलं, त्याचीच मला लाज वाटते, हे बापाला कोणत्या तोंडाने सांगू?

१९५७ साली ते आले. शनिवारी आले, सोमवारच्या बोटीने परत जाणार. रविवारी सकाळीच दुकानात येऊन बाकड्यावर बसले. काय विचारायला आलेत ते मला ठाऊक होतं. रविवारची गर्दी. मी एकामागून एक गिऱ्हाईक खुर्चीत घेत राहिलो.

एक जण म्हणाला, "अरे, म्हातारबाबांचा नंबर आधी ना?"

"माका घाय नाय," आबा म्हणाले.

"बाप आहे ना तुझा? बापाला पण नंबर? कमाल आहेस यार."

"माझ्या दुकानात सगळ्यांना नंबर," मी म्हटलं. बाकडं हसलं. आबाही हसले.

दुपारी दोन वाजता दुकान रिकामं झालं. आबा खुर्चीत चढले आणि पाय वर घेऊन उकिडवे बसले.

"पाय खाली सोडा आबा."

"पाय लोंबकाळले की माका बसल्यासारखा वाटणा नाय."

राहू दिलं. साबण लावला, एक गाल केला. मी वस्तरा पट्ट्यावर घासायला थांबलो, तेवढ्यात आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, "गुडघे आता सडो चढूक देनत नाय. तू येतलंस तर घरां ठेवतंय. नायतर गोविंदाक देऊन टाकतंय. सांग काय ता."

गोविंदा माझा चुलतभाऊ. आमचं लहानपणापासून पटत नव्हतं. माझी घरं त्याला जाणार हे ऐकूनच डोकं फिरलं.

"त्याला कशाला? ठेवा आबा. दोन वर्षांत येतो."

"बरा," म्हणाले. दुसरा गाल झाल्यावर तळहाताने चाचपून बघितला. "हात बरो बसलो हा तुझो." आयुष्यात एवढंच कौतुक केलं त्यांनी माझं.

पुढे नऊ वर्षं त्यांनी ती घरं केली. काठी घेऊन, आठवड्यातून दोनदा सडा ओलांडून. गेले तेव्हा माझं डोकं गोविंदानेच केलं. वस्तरा चालवत हळूच म्हणाला, "दादा, एक कार्ड टाकलं असतंस तर आबा घराक बसले असते." त्याने ती घरं मागितलीसुद्धा नव्हती कधी.

माझ्यासारखी बोटीने मुंबईला आलेली मंडळी म्हणतात, आपलं घर गावात. गावी राहिलेले म्हणतात, तुझं घर आता घाटकोपर. मला घर म्हटलं की ती बावीस अंगणं दिसतात, आणि माझ्या जागी उकिडवा बसलेला माझा बाप.

एक गोष्ट मी बायकोलाही सांगितली नाही. दोन वर्षांत येतो म्हणालो, त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, आबांना भाऊच्या धक्क्यावर बोटीत बसवलं. गुरुवारी वाडीत लग्न होतं, नवऱ्याची दाढी त्यांना करायची होती. बोट दिसेनाशी झाल्यावर मी घरी गेलो नाही. तसाच ग्रँट रोडला गेलो, दुकानासाठी दुसरी फिरती खुर्ची पसंत केली आणि घाटकोपरचा पत्ता सांगितला.