बहिणीच्या साडीचं दुपटं

ते बारसं आठवलं की माझी कानशिलं अजून तापतात.

भाचीला दिवस गेले तेव्हा तिची आई, म्हणजे माझी बहीण, जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आमची रीत. मी म्हटलं, पेणला माझ्याकडे आणते. तर रोह्याहून तिच्या सासूचा निरोप, मावशीचं घर म्हणजे काय माहेर नव्हे! बरं बाई, नव्हे. मग निदान दुपटं तरी माझ्या हातचं जाईल असं मी ठरवलं.

तान्ह्याला नवं कापड टोचतं. आमच्याकडे दुपटं शिवायचं ते जुन्या सुती साडीचंच, धुऊन धुऊन मऊ पडलेल्या, आणि होता होईल तो आजीच्या. बहिणीच्या साड्या मी जपून ठेवल्या होत्या. ती हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात रंगवायला जायची. त्यामुळे प्रत्येक साडीला कुठे पितांबराचा पिवळा, कुठे अंगाचा गुलाबी रंग लागलेला. कितीही घासा, जायचा नाही. माझी जाऊ म्हणाली, “डागाचं कापड आतल्या थरात घाल गो, दिसायचं नाय.” का म्हणून? तेच मी मुद्दाम वर घेतलं. बाळाला आजी दिसणार नव्हती, तिच्या हातचा रंग तरी दिसू दे. दुपारची भांडी उरकली की मी दारात बसून धावदोरा घालायची. सुई बोटात गेली की सुईच्या सात पिढ्या उद्धरायची.

बारशाला एसटीनं रोह्याला उतरले, पूल ओलांडून अष्टमीत, भाचीच्या सासरी गेले. पाळणा फुलांनी सजवलेला आणि आत दुकानातलं गुबगुबीत ब्लँकेट, त्यावर अस्वल. उकाड्यात पोर लालबुंद झालेली. मी दुपटं काढून दिलं. सासूनं ते दोन बोटांत धरलं.

“विहीणबाई, याला डाग पडलेत.”

“डाग नाय ते. गणपतीचा रंग हाय.”

“कोणाची साडी?”

“तिच्या आयची. आनि कोणाची असनार?”

तिनं ते पटकन कोपऱ्यातल्या खुर्चीवर टाकलं. “मेलेल्या बाईचं कापड लेकराच्या अंगाखाली? आमच्या घरात नाय चालत असलं.”

माझं डोकं असं सणकलं! “आनि तुमच्या सुनेच्या हातातल्या पाटल्या? त्या पन त्याच मेलेल्या बाईच्या. त्या बऱ्या चालल्या! सोन्याला सुतक नाय वाटतं?”

बायका कुजबुजायला लागल्या. कोणीतरी म्हणालं, आजच्या दिवशी भांडू नका. मी भांडत होते? भाची पाळण्याजवळ मान खाली घालून बसलेली. खरं सांगते, सासूपेक्षा तिचाच राग मला जास्त आला. जिच्या आईला लोक असं बोलतात, तिला तोंड नाही? मी दुपटं उचललं, पिशवीत कोंबलं आणि चपला घालायला निघाले.

“मावशे, थांब.”

भाची उठली होती. सासूकडे बघत म्हणाली, “मेलेलीचं घरात चालत नाय ना? मग मला पन धाडा मावशीबरोबर. मी तिचीच हाय. नि ही पोर माझी.”

तिनं ब्लँकेट ओढून बाजूला टाकलं, माझ्या पिशवीतून दुपटं काढून पाळण्यात पसरलं आणि लेकीला त्यावर निजवलं. सासू आत गेली, तिथे भांडी आपटायला लागली. आपट बाई, खुशाल आपट.

नाव ठेवायच्या आत पोरीनं दुपटं ओलं करून टाकलं. सगळ्या हसल्या, भाचीसुद्धा. मी पाळण्याची दोरी धरून ढसाढसा रडले, आणि रडतानाही मला रागच येत होता. हे बघायला माझी बहीण नव्हती.